घडणावळ आणि भीड

बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्यांत तलवाडा हें गांव आहे. गांवाजवळच्या टेकडीवर त्वरिता देवीचें मंदिर असून तिच्या दर्शनास आसपासच्या गांवांतून माणसें येतात. देवीस नवस बोलावा, तो फळास यावा, आणि मग सोनाराकडून नथ किंवा चांदीचे डोळे घडवून आणून देवीच्या चरणीं वाहावे, ही रीत महाराष्ट्रांतील बहुतेक देवस्थानीं दिसते. अशा वेळीं भाविक सोनाराशीं फारशी घासाघीस करीत नाहीं. देवीच्या दागिन्याची घडणावळ बुडविली तर तें पाप आपल्या माथीं बसेल, अशी त्याची समजूत असते. परंतु तोच भाविक घरीं परत आला आणि आपली भाची घरबसल्या दागिने करते असें त्यास कळलें, म्हणजे त्याच्या तोंडीं निराळेंच वाक्य येतें: "आपल्या घरचंच तर आहे, दोन संच करून दे, म्हणजे झालं." देवी आणि भाची यांच्यांत हा भेद कां व्हावा, हें विचार करण्याजोगें आहे.

तलवाड्यासारख्या गांवीं एखाद्या सुनेनें दागिन्यांचें काम आरंभिलें असें धरून चालावें. सोन्याचांदीचें भांडवल तिच्याजवळ नसतें. ती रेशमी दोऱ्याच्या बांगड्या करते, मण्यांच्या पोती ओवते, भाजलेल्या मातीचीं कानांतलीं रंगविते, आणि संक्रांत जवळ आली म्हणजे हलव्याचे दागिने करते. पहिल्या वर्षीं हौस म्हणून तिनें जावेच्या मुलीस एक संच दिला. तो हळदीकुंकवांत साऱ्या बायकांनीं पाहिला. कौतुक झालें, आणि कौतुकाच्या पाठोपाठ मागण्या आल्या. नणंदेच्या सुनेची पहिली संक्रांत, मावसबहिणीच्या बाळाचें बोरन्हाण, शेजारणीच्या बहिणीचें डोहाळजेवण. कारणांस तोटा नसतो. नाहीं म्हणावें तर नातें दुखावतें. हो म्हणावें तर पैसे देऊन काम सांगणारें जें एखादें गिऱ्हाईक असतें, त्याचें काम मागें पडतें. तिसऱ्या संक्रांतीस ती आपली परात माळ्यावर ठेवते आणि "आतां वेळच मिळत नाहीं" असें सांगते. घरांतील माणसांस वाटतें कीं तिची हौस फिटली. वस्तुतः हौस फिटलेली नसते; ती फुकटांत वांटून संपलेली असते. भीड ही भिकेची बहीण, असें जें जुनीं माणसें म्हणत आलीं, तें अशाच अनुभवावरून.

तथापि आप्तेष्टांस लोभी ठरवून हा प्रश्न सुटत नाहीं, कारण मागणारांपैकीं बहुतेकांच्या मनांत लोभ नसतो. घरांतील बायकांच्या हातच्या कामास पैशांची किंमत लावण्याची चालच आपल्याकडे नव्हती. लग्नांतील रुखवत पाहावें. काकू, मावशी, आत्या महिनोन्महिने खपून मण्यांचीं तोरणें, लोंकरीचे रुमाल, साखरेचे नारळ तयार करीत, आणि त्यांतील एकीलाही त्याबद्दल पैसा मिळत नसे, किंबहुना कोणी तो देऊं केला असता तर ती रागावली असती. उन्हाळ्यांत पापड लाटण्यास शेजारणी जमत, तेव्हांही मजुरीचा विषय निघत नसे. मात्र एक गोष्ट विसरली जाते. आज हिच्या अंगणांत पापड झाले, तर उद्यां तिच्या अंगणांत होत. ज्या मावशीनें भाचीच्या रुखवताचें तोरण विणलें, तिच्या मुलीच्या लग्नांत भाचीची आई सात दिवस आधीं येऊन राही. वही कोणी ठेवीत नसे. परंतु हिशेब प्रत्येकीच्या मनांत चोख असे. कोणी तो चुकविला तर दहा वर्षांनींही त्याचा उल्लेख होई.

शेतीच्या कामांत तर हा हिशेब उघड चाले. सावडीच्या रीतींत एकानें दुसऱ्याच्या शेतावर चार दिवस दिले, म्हणजे दुसऱ्यानेंही त्याच्या शेतावर चार दिवस द्यावयाचे. इर्जिकीस जे आपले बैल घेऊन येतील त्यांस पोटभर जेवूं घालावयाचें, ही तर प्रतिष्ठेची गोष्ट. पैसा हातोहात फिरत नव्हता, पण श्रम मोजले जात होते.

जुन्या गांवगाड्यांत सोनाराचें स्थान काय होतें तें पाहिलें, म्हणजे हेंच अधिक स्पष्ट होतें. कांहीं याद्यांत सोनार बारा बलुतेदारांत गणलेला आहे, कांहींत अलुतेदारांत. गांवोगांवीं हा फरक पडे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या 'गांव-गाडा' या ग्रंथांत या साऱ्या व्यवस्थेचें सविस्तर वर्णन आहे. सोनार दागिने घडवी, तसाच नाण्यांचा कसही पाही, आणि म्हणून पोतदार या नांवानेंही तो ओळखला जाई. तलवाड्याचा मुलूख 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. तेथें हाली शिक्का चाले, आणि खऱ्याखोट्या नाण्याची पारख करणारा माणूस अशा मुलखांत लागेच. लहान मुलाचे कान टोचण्यास सोनार घरीं येई तेव्हां तो मजुरीचा दर सांगत बसत नसे. परंतु त्याच्यापुढें तांदूळ, नारळ आणि दक्षिणा ठेवणें यजमानास चुकत नसे. ज्या कारागिराचा गांवावर हक्क असे, त्यास सुगीच्या वेळीं खळ्यावर धान्य मिळे. काम केल्या दिवशीं पैसे न देणें आणि मुळींच न देणें, या दोन गोष्टी गांवानें कधीं एक मानल्या नाहींत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं. तिनें माणसांस जातीच्या धंद्याशीं जखडून ठेविलें, आणि खालच्या मानलेल्या कारागिरांच्या पदरांत पुष्कळदां न्याय्य वांटा पडला नाहीं. पण "पूर्वीं सगळें प्रेमानें फुकट होत असे" ही जी आठवण आज पुढें केली जाते, ती अर्धी आहे. घेण्याचा भाग स्मरणांत राहिला, फेडण्याचा गळाला.

आतां घडणावळ या शब्दाकडे वळावें. सोन्याच्या दागिन्याची किंमत दोन अंगांची असते: सोन्याचा भाव, आणि तें घडविण्याची मजुरी. पहिल्या अंगाबद्दल आपल्या घरांत केवढी जागरूकता! 8 गुंजांचा 1 मासा, 12 माशांचा 1 तोळा, हें कोष्टक ज्यांनीं शाळेंत पाठ केलें त्या आज्या गुंजभर सोनें कमी भरलें तरी सोनारास परत तराजू उचलावयास लावीत. सोनाराच्या दुकानांतील केरसुद्धां फुकट जात नाहीं. भट्टीजवळची राख आणि जमिनीवरची धूळ झारेकरी विकत घेतात, ती पाण्यांत धुऊन तींतील कण वेगळे काढतात. धुळीसही जेथें मोल आहे, तेथें हाताच्या श्रमांबद्दल मात्र गृहिणीच्या मनांत एक अढी असते. ती अढी मोडीमुळें पडली आहे. जुना दागिना मोडीत घातला म्हणजे सोन्याचे पैसे परत मिळतात, घडणावळीचे मिळत नाहींत. पिढ्यान्‌पिढ्या हा अनुभव घेतल्यावर घडणावळ म्हणजे बुडीत खर्च, अशी समजूत घरोघरीं होऊन बसली. मग जो खर्च बुडावयाचाच तो परक्या सोनारास नाइलाजानें द्यावा, पण आपल्याच भाचीस कशाला द्यावा, असा विचार नकळत मनांत येतो.

या समजुतींत चूक अशी कीं, घडणावळ बुडत नाहीं. ती वापरांत येते. समान वजनाचें साधें वेढणें आणि कोल्हापुरी साज यांची तुलना करावी. वेढण्यांत सोनें हेंच सर्व कांहीं. साजांत परंपरेनें 21 पानें, प्रत्येकाचा आकार निराळा, पातळ पत्र्याच्या पोटांत लाख भरलेली, आणि तीं सर्व मण्यांसह तारेंत गुंफलेलीं. सोनें तेवढेंच असूनही लग्नांत लोक ज्याकडे वळून पाहतात तो साज असतो, आणि त्याकडे वळून पाहावयास लावतो तो कारागिराचा हात. 16 जून 2021 पासून देशांतील 256 जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला. 916 हा आंकडा दिसला म्हणजे सोनें 22 कॅरटचें आहे अशी ग्वाही मिळते. ही सोय उत्तमच झाली. परंतु तो शिक्का धातूबद्दल बोलतो, पान नीट बसलें आहे कीं नाहीं आणि कडा गळ्यास बोंचते कीं नाहीं, याबद्दल तो मुका आहे.

हाताचे श्रम सोन्याहून किती नाशिवंत असतात हें 1963 सालीं साऱ्या देशानें पाहिलें. त्या वर्षीच्या जानेवारींत सरकारनें सुवर्णनियंत्रणाचे नियम काढले आणि 14 कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी केली. लोकांच्या पेटींतलें सोनें पेटींतच राहिलें, त्याचें कांहीं बिघडलें नाहीं. बिघडलें तें सोनारांचें. हजारों कारागीर बेकार झाले, कित्येकांनीं धंदा सोडला. पुढें ती अट शिथिल झाली, 1968 मध्यें स्वतंत्र कायदा झाला आणि 1990 मध्यें तोही रद्द करण्यांत आला; पण रिकामे गेलेले दिवस कोणाच्याही पेटींत शिल्लक नव्हते. घरीं काम करणाऱ्या सुनेचा फुकट गेलेला पौष महिना त्याच जातीचा असतो.

सोन्याकडून हलव्याकडे आलें म्हणजे चित्र अगदींच उलटें होतें. येथें माल जवळजवळ कवडीमोलाचा आणि श्रम हेंच सर्वस्व. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीस नव्या सुनेस काळें लुगडें नेसवून हलव्याचे दागिने घालण्याची रीत महाराष्ट्रांत सर्वत्र आहे. तान्ह्या बाळासही बोरन्हाणाच्या वेळीं ते घालतात. हलवा घरीं करावयाचा म्हणजे तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातींत घ्यावयाचा, शेगडीची आंच अगदीं मंद ठेवावयाची, आणि साखरेचा पाक चमचा-चमचा सोडून बोटांनीं दाणे सारखे हलवीत राहावयाचें. एका बैठकींत काटा येत नाहीं. रोज कांहीं तास याप्रमाणें कित्येक दिवस तें चालतें, आणि हवा कोरडी व थंड असेल तरच काटा टोंकदार येतो. बोटें भाजतात तें निराळेंच.

हलवा तयार झाला कीं खरें काम सुरू होतें. मण्यास भोंक असतें, हलव्याच्या दाण्यास नसतें. प्रत्येक दाणा दोऱ्याच्या गांठींत स्वतंत्रपणें धरावा लागतो. गांठ सैल राहिली तर दाणा निसटतो, जास्त आंवळली तर फुटतो. अशा शेंकडों गांठी मारून हार, बाजूबंद, बिंदी, बुगडी, कंबरपट्टा आणि जांवयाचा नारळ सिद्ध होतो. तो दमट हवेंत ठेवला तर चिकट होतो, वाटेंत धक्का लागला तर तुटतो, आणि संक्रांतीची संध्याकाळ सरली कीं त्याचें काम संपतें. पाहणारास मात्र दिसते ती साखर, आणि "साखर कितीशी लागते?" असा प्रश्न येतो. पुण्यामुंबईच्या दुकानांतून हेच संच विकत घेतांना असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, आणि परदेशीं असलेलीं मराठी कुटुंबें तर ते महिनाभर आधीं मागवून घेतात. पिकतें तेथें विकत नाहीं, याचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

हिशेब एकदां कागदावर मांडून पाहावा. उदाहरणादाखल असें धरावें कीं, हलवा, पुठ्ठा, सोनेरी कागद आणि दोरा मिळून एका संचास 300 रुपयांचें साहित्य लागलें, आणि बांधणीस 12 तास लागले. तासाचा दर काय धरावा? निदान अंगमेहनतीच्या कामाहून तो कमी नसावा, एवढें तर कोणीही मान्य करील. 2025-26 या वर्षासाठीं रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रांतील दर दिवसास 312 रुपये ठरला होता. आठ तासांचा दिवस धरला तर 12 तास म्हणजे दीड दिवस, आणि त्याचे 468 रुपये होतात. साहित्य धरून संच 768 रुपयांस पडला, आणि यांत कलेचें, अनुभवाचें, नफ्याचें असें एक पैसाही धरलेलें नाहीं. केवळ माती उचलणाऱ्या हातास जें मिळालें असतें तेवढेंच या हातास दिलें आहे. अशा पांच नातलगांस पांच संच फुकट दिले तर 3,840 रुपये झाले. नगद एवढी रक्कम कोणत्याही आत्यानें भाचीजवळ मागितली नसती. वस्तूच्या रूपानें मात्र ती सहज मागितली जाते, कारण रक्कम कोणीच उच्चारलेली नसते.

येथेंच उपायाची दिशा सांपडते. रक्कम उच्चारली गेली पाहिजे, आणि ती काम सुरू होण्यापूर्वीं. काम झाल्यावर किंमत सांगणें म्हणजे भांडणास आमंत्रण. मागणारास आपण फसविलें गेलों असें वाटतें आणि करणारीस आपण मागत्या झालों असें वाटतें. पुष्कळ जणी येथें चुकतात. "बघूं, जमलं तर करीन" असें मोघम उत्तर देऊन त्या वेळ मारून नेतात, आणि समोरची बाई तें उत्तर होकारच समजून घरीं जाते. त्यापेक्षां सरळ सांगावें: "आत्याबाई, करून देईन की, आनंदानं देईन. साहित्याचे तीनशे होतात आणि घडणावळीचे चारशे अडुसष्ट. तुमच्याकडून घडणावळ निम्मीच घेईन." यांत उद्धटपणा कोठेंच नाहीं. सासूसारख्या वडील माणसाशींही हें वाक्य मान राखून बोलतां येतें; आवाज तेवढा खालीं पाहण्याच्या जातीचा नसावा.

निम्मी घडणावळ माफ करावयाची तर तीही कागदावर दिसावी, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. चिठ्ठीवर साहित्य 300, घडणावळ 468, एकूण 768, नात्याची सूट 234, येणें 534, असें लिहून द्यावें. नुसते 534 सांगितले तर घेणारीस वाटतें कीं संचाची किंमतच तेवढी, आणि पुढच्या वर्षीं ती त्यांतूनही सूट मागते. सूट लिहिली म्हणजे आपणांस काय मिळालें तें तिला कळतें, आणि मिळालेल्या गोष्टीचें समाधानही तिला होतें. सूट किती द्यावयाची हें मात्र आधींच ठरवून ठेवावें आणि सर्व नातलगांस सारखें ठेवावें. थोरल्या जावेस एक दर आणि धाकटीस दुसरा, असें झालें तर हळदीकुंकवाच्या आधींच तें दोघींस कळतें. साहित्याच्या पैशांत सूट देऊं नये. तो पैसा दुकानदाराच्या हातीं गेलेला असतो आणि तो परत आणण्यास कोणतेंही नातें उपयोगी पडत नाहीं.

साहित्याचे पैसे आगाऊ घेणें अनेकांस अवघड वाटतें. पण बीड जिल्ह्यांत तरी आगाऊ रकमेचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. दरवर्षी ऊसतोडीस निघणारीं जोडपीं मुकादमाकडून उचल घेऊनच घराबाहेर पडतात. ती उचल कित्येकांच्या गळ्याचा फांस होते, ही गोष्ट निराळी आणि दुःखाची. परंतु काम होण्यापूर्वीं पैसा हातीं येणें हा व्यवहार तेथील प्रत्येक घरास ठाऊक आहे. जमिनीच्या सौद्यास विसार लागतो, लग्नाच्या वाजंत्र्यासही लागतो. मग पांच दिवसांच्या कामासच तो लागूं नये, असें कोठें आहे?

ज्यांस रोख देणें खरोखर जड आहे, त्यांच्यासाठीं सावडीचा जुना मार्ग मोकळा आहे. शेजारीण शिवणकाम करीत असेल तर एका संचाबद्दल दोन झंपर शिवून घ्यावे. नणंद आठ दिवस मुलें सांभाळणार असेल तर त्या आठ दिवसांत तिच्या सुनेचा संच सुखानें बांधून व्हावा. मात्र सावड म्हणजे सावड. देण्याचा दिवस ठरलेला असावा. "पुढेंमागें पाहूं" या बोलीवर सावड होत नाहीं, उधारी होते.

दर सांगण्याचें धैर्य कांहीं केल्या होत नसेल, तर तें काम दुसऱ्यावर सोंपवावें. सोनारानेंच कान टोचावे ही म्हण येथें गमतीनें उलटी लागू पडते. येथें सोनारीण स्वतः बोलूं शकत नाहीं, म्हणून तिच्या वतीनें इतर कोणी बोलावें. नवऱ्यानें दर सांगितला तर सासरची माणसें ऐकतात, आईनें सांगितला तर माहेरची. चार घरच्या बायका मिळून काम करीत असतील तर आणखी सोपें. "दर गटानें ठरविला आहे" या एका वाक्यानें कोणा एकीवर रोष येत नाहीं. 15 मार्च 1959 रोजीं मुंबईस गिरगांवांत सात बायकांनीं 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, आणि त्यांतून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली. पापड लाटणें हें तर रुखवताइतकेंच घरगुती आणि बिनमोलाचें मानलेलें काम. परंतु तेथें लाटणाऱ्या प्रत्येक हातास मजुरी ठरली. एकटी बाई घरांत जें मागूं शकली नसती तें सात जणींनीं मिळून सहज मागितलें. सरकारनेंही 17 सप्टेंबर 2023 पासून चालू केलेल्या विश्वकर्मा योजनेंत 18 कारागिरांची गणना केली असून त्यांत सोनार आहे, शिंपी आहे, हार गुंफणारा मालाकारही आहे. साखरेचे दागिने गुंफणारी त्या यादींत नाहीं. तिला कारागीर म्हणण्याचा आरंभ तूर्त घरांतूनच व्हावा लागेल.

दुरुस्तीचा प्रश्न लहान दिसतो, पण त्यांतून मनें अधिक दुखावतात. पंढरपूरच्या नरहरी सोनाराची कथा सर्वांस ठाऊक आहे. एका सावकारानें विठ्ठलासाठीं सोन्याचा करगोटा घडविण्यास सांगितला. तो एकदां सैल झाला, एकदां तंग झाला, आणि शेवटीं डोळे बांधून राउळांत जाऊन नरहरीस स्वतः माप घ्यावें लागलें. त्या कथेचा भाव भक्तीचा आहे आणि तो तसाच राहूं द्यावा. तरी कारागिराच्या दृष्टीनें पाहतां तींत व्यवहाराचाही एक धडा दिसतो: माप दुसऱ्याच्या हातून आलें तर तेंच काम पुन्हा करावें लागतें. म्हणून मनगटाचें, गळ्याचें आणि कमरेचें माप करणारीनें स्वतः घ्यावें, किंवा मागणारणीनें दोरा धरून पाठवावा. तिच्या मापानें केलेला दागिना बसला नाहीं तर दुरुस्तीचे पैसे तिनें द्यावे. करणारीच्या चुकीनें बिघडला तर दुरुस्ती मोफत. हें दोघींनींही आधीं बोलून ठेवावें.

हें सर्व वाचून कोणास वाटेल कीं, आतां मायेनें कांहीं देणेंच संपलें. तसें मुळींच नाहीं. आहेर आणि मागणी यांत भेद आहे, एवढेंच. आहेर देणाराच्या मनानें ठरतो. किती, कोणास आणि केव्हां, हें तोच ठरवितो. दिवाळी संपली कीं त्या सुनेनें एक कागद घ्यावा आणि यंदा आपल्या हातचा संच कोणास मनापासून द्यावयाचा आहे, त्यांचीं नांवें लिहावीं. धाकट्या बहिणीची पहिली संक्रांत असेल, ज्या जावेनें बाळंतपणांत रात्रीं जागविल्या तिच्या नातवाचें बोरन्हाण असेल. दोन नांवें असोत कीं तीन, त्यांस दिलेल्या संचाची चिठ्ठी नसावी, दर नसावा, आणि मागून बोलूनही दाखवूं नये. या यादीबाहेरच्या प्रत्येकीस चिठ्ठी द्यावी. यादी पुरुषमाणसांनीं लांबवूं नये, ही एक सूचना आवश्यक आहे. कारण कचेरींतल्या साहेबांच्या घरीं "आमच्या हिच्या हातचा" एक संच पोंचविण्याचें वचन परस्पर देणारे नवरे थोडे नाहींत. त्यांनीं तो संच स्वतःच्या पगारांतून, पूर्ण घडणावळ देऊन घ्यावा.

आणि भोगीच्या दिवशीं सकाळीं कोणी धांवत येऊन "उद्यांसाठीं एक तरी करून दे" असें म्हणेल, तर तेथें दराचा वा नात्याचा प्रश्नच उरत नाहीं. हलव्यास काटा यावयास दिवस लागतात. घरांत तयार हार शिल्लक असेल तर तो दाखवावा, नसेल तर वाटीभर हलवा आणि दोऱ्याचें रीळ तिच्या हातीं देऊन गांठ कशी मारावी तें शिकवावें. पहिला बाजूबंद बांधून होईपर्यंत दुपार होते.